पुसणारं घर

२०२० साली १३ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाईन डेच्या आदल्या दिवशी, अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयातल्या मुलींनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शपथ घेतली. आमचा आईवडिलांवर पूर्ण विश्वास आहे, आजूबाजूला जे घडतंय ते पाहता आम्ही प्रेमविवाह करणार नाही, हुंडा मागणाऱ्याशीही लग्न करणार नाही, असा तिचा आशय होता. दहाच दिवस आधी हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून भर रस्त्यात पेटवलं गेलं होतं आणि १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला होता. सगळा विदर्भ हादरला होता. मुलींच्या काळजीपोटीच ही शपथ सुचली असणार, यात शंका नाही.

शपथेची बातमी राज्यभर गेली. ही शपथ मुलींनाच का, असा प्रश्न पंकजा मुंडे यांनी तेव्हा जाहीरपणे विचारला. प्रश्न रास्तच होता, कारण पेटवणारा पुरुष होता आणि शपथ घेतली ती मुलींनी. त्यातलं हुंड्याचं कलम मोलाचं होतं, ते कौतुकानं मान्य करायला हवं. पण दुसऱ्या बाजूची शपथ त्या शिबिरात कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. माझ्या मुलीनं काही सांगितलं तर ती बोलायची थांबेपर्यंत मी ऐकेन, असं कुणा बापानं म्हटलं नाही. माझा मुलगा कुठं असतो, कुणाच्या मागं फिरतो, नकार मिळाला की काय करतो, हे मी विचारीन, असं कुणा आईनंही म्हटलं नाही.

वऱ्हाडात विचारण्याला ‘पुसणं’ म्हणतात. जुन्या मराठीतला हा शब्द इकडं अजून ठणठणीत आहे. वर त्याला दोन अर्थ आहेत. ‘तिले पूस, कुठी गेलती?’ यातलं पुसणं म्हणजे चौकशी. ‘त्याले घरात कोण पुसते?’ यातलं पुसणं म्हणजे किंमत देणं, जीव लावणं. एकाच शब्दात झडतीही आहे आणि मायाही. वऱ्हाडातल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचं घरातलं जगणं या दोन अर्थांमध्येच वाटलं गेलंय. मुलीच्या वाट्याला पहिला अर्थ जास्त येतो आणि मुलाच्या वाट्याला पुष्कळदा दोन्ही येत नाहीत.

संध्याकाळी कोणत्याही घरात कान दिला तर हे ऐकू येतं. पोरगी चप्पल घालते न घालते तोच आतून आवाज येतो, “कुठी चालली वं? संग कोण आहे? कवा येशीन?” तिचा भाऊ त्याच दारातून गाडीला किक मारून निघतो. त्याला कुणी अडवत नाही. कुणी म्हटलंच, तर आजी म्हणते, “पोट्ट्याची जात हाय, त्याले काय पुसता?” आजीला त्यात नातवाचा मान वाटतो.

पालकत्वाच्या तऱ्हा असतात आणि त्या मोजता येतात, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते डायना बाउमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये १९६०च्या दशकात त्यांनी बालवाडीतली मुलं आणि त्यांची घरं जवळून पाहिली आणि तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली नुसत्या हुकमाची. दुसरी नुसत्या लाडाची. तिसरीत नियम पक्के असतात, पण त्यामागचं कारण मुलाला सांगितलं जातं, त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि पटलं तर नियम बदललाही जातो. १९८३ साली एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथी तऱ्हा जोडली, वाऱ्यावर सोडण्याची. तिथं शिस्तही नाही आणि ओलावाही नाही.

पुढं लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियातल्या हजारो शाळकरी किशोरांचा अभ्यास केला. तिसऱ्या तऱ्हेच्या घरातली मुलं अभ्यासात, वागण्यात आणि स्वतःबद्दलच्या भावनेत सरस दिसली. हुकमाच्या घरातली मुलं आज्ञाधारक होती, पण स्वतःवरचा त्यांचा भरवसा कमी होता. लाडाच्या घरातल्या मुलांना स्वतःबद्दल खात्री होती, पण नशा आणि शाळेतली बेशिस्त त्यांच्यात जास्त आढळली. वाऱ्यावर सोडलेल्यांची अवस्था सगळ्यात वाईट निघाली.

हे अमेरिकेतलं मोजमाप वऱ्हाडाला जसंच्या तसं लावायचं का, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. ती खुद्द अमेरिकेतही आली. रूथ चाओ यांनी १९९४ साली दाखवलं की चिनी घरांतली कडक शिस्त बाहेरून हुकूमशाहीसारखी दिसते, पण मुलाला त्यात आईची झीज दिसते, म्हणून ती तेवढी जाचत नाही. पहाटे चारला उठून पोराच्या डब्यासाठी भाकरी थापणारी आणि त्याच दमात त्याला चार शब्द सुनावणारी वऱ्हाडी माय ज्यानं पाहिली आहे, त्याला चाओबाईंचं म्हणणं समजावून सांगावं लागत नाही.

पण वऱ्हाडाची खरी अडचण वेगळीच आहे. बाउमरिंडबाईंच्या चौकटीत एका घराची एक तऱ्हा धरलेली असते. इथं एकाच छपराखाली, त्याच दोन माणसांच्या हातून दोन तऱ्हा चालतात. मुलीसाठी हुकमाची आणि मुलासाठी लाडाची, जी मिसरूड फुटलं की हळूहळू वाऱ्यावर सोडण्याची होते. मुलीला हे फार लवकर कळतं. पाळी सुरू झाली, ‘पोरगी मोठी झाली’ असं घरात कुजबुजलं गेलं, की आठवडाभरात अंगणाची हद्द बदलते, कपडे बदलतात, आवाजाची पट्टीसुद्धा बदलायला सांगितली जाते. भावासाठी असा कुठलाच दिवस उगवत नाही.

नियमाचा जाच मुलींना असतोच, पण त्याहून जास्त बोचतं ते नियमाचं कारण न मिळणं. सातच्या आत घरी ये, हा नियम एखादी मुलगी समजून घेऊ शकते. रस्त्यावर दिवे नाहीत, शेवटची एसटी चुकली तर गावाला यायला साधन नाही, आम्हाला जिवाला घोर लागतो, असं सांगितलं तर ती ऐकते, वाद घालते, कधी मान्यही करते. “लोक काय म्हनतीन” हे मात्र कारण नाही. त्यात ती कुठंच नाही, फक्त लोक आहेत. रोज तेच उत्तर ऐकलं की तिच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते, की तिच्या शब्दापेक्षा गल्लीतल्या माणसाच्या शब्दाला घरात जास्त वजन आहे. आत्मसन्मानाचा ऱ्हास सुरू होतो तो इथून.

आत्मसन्मान मोजण्याची जगात सर्वात जास्त वापरली जाणारी पट्टी मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली दिली. न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांवर शाळकरी किशोरांवर ती तपासली होती. दहा साधी विधानं आणि प्रत्येकापुढं होकार-नकाराच्या चार पायऱ्या. दोन वर्षांनी स्टॅन्ली कूपरस्मिथ यांचं आत्मसन्मानाच्या मुळांविषयीचं गाजलेलं पुस्तक आलं. ज्या घरात मुलाला जवळ घेतलं जातं, हद्दी स्पष्ट असतात आणि त्या हद्दीत मुलाला मोकळीक असते, तिथं आत्मसन्मान वाढतो, हा त्याचा निष्कर्ष आजही सांगितला जातो. एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते, की कूपरस्मिथ यांनी अभ्यासलेली मुलं म्हणजे दहा-बारा वर्षांचे मुलगेच होते. मुलींना त्या पुस्तकानं पुसलंच नव्हतं.

मुलींची बाजू पुढे मोजली गेली. १९९९ साली क्लिंग, हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. मुलग्यांचा आत्मसन्मान थोडा जास्त निघाला. फरक एकंदरीत लहान होता, पण पंधरा ते अठरा या वयात तो सर्वात मोठा होता. दहावी-बारावीचीच ही वर्षं.

२०१६ साली ४८ देशांतल्या सुमारे ९ लाख ८५ हजार लोकांवरचा विबके ब्लाइडॉर्न यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही जवळजवळ सगळीकडं पुरुष पुढे दिसले. पण ही दरी श्रीमंत, स्त्रीपुरुष समतेत पुढे गेलेल्या देशांत मोठी होती आणि भारत, थायलंड, इंडोनेशिया अशा आशियाई देशांत लहान होती. हे वाचून कुणी छाती फुगवायच्या आत दोन गोष्टी पाहाव्यात. एक, ही पाहणी इंटरनेटवर, इंग्रजीत झाली होती, त्यामुळे भारतातून उत्तरं कुणी दिली असतील ते उघड आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संशोधकांनी सुचवलं की जिथं समता कमी आहे तिथं बाई स्वतःची तुलना बायांशीच करत असावी आणि जिथं समता आली तिथं ती पुरुषाशी तुलना करू लागते.

वऱ्हाडातल्या मुलीचं आजचं दुखणं समजून घ्यायला ही सूचना फार उपयोगी आहे. तिच्या आईनं स्वतःची तुलना केली ती चुलत बहिणीशी. तिची सातवीत सुटली, माझी दहावी झाली, मी नशीबवान. तिच्या आजीला तर तुलनेची उसंतच नव्हती. आजची मुलगी तुलना करते ती शेजारच्या खोलीतल्या भावाशी. त्याच्यापेक्षा जास्त मार्क आपल्याला पडतात, हे तिला ठाऊक आहे. २०२४च्या बारावीत राज्यातल्या ९५.४४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९१.६० टक्के मुलगे. दहावीत मुली ९७.२१ टक्के, मुलगे ९४.५६ टक्के. दरवर्षी मे महिन्यात ‘मुलींचीच बाजी’ असा मथळा छापून येतो. मथळा वाचून झाल्यावर तीच मुलगी उठून भावाचं ताट उचलते.

गुणपत्रिका आणि ताट यांतलं हे अंतर तिला दिसतं. आईला ते दिसत नव्हतं असं नाही, पण आईजवळ गुणपत्रिका नव्हती.

अकोल्यात हे सगळं उघड्यावर पाहायला मिळतं. वऱ्हाडात नीट आणि जेईईच्या शिकवण्यांचं मोठं केंद्र म्हणजे अकोला. जठारपेठ, रामदासपेठ, तापडियानगर या भागांत संध्याकाळी पाठीला दप्तरं लावलेली मुलं-मुली थव्यांनी चालत असतात. बुलडाणा, वाशीम, यवतमाळ जिल्ह्यांतून, खेड्यापाड्यांतून आलेली. मुलीसोबत आई येऊन खोली करून राहते आणि बाप वावराकडं एकटा राहून हातानं भाकरी थापतो, अशीही घरं आहेत. मुलगा असला की तो मित्रांबरोबर खोली घेतो, मेसचा डबा लावतो आणि दोन वर्षं त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. फक्त पैसे येतात.

मुलीसाठी वावराचं उत्पन्न खर्ची घालणारा बाप, ही वऱ्हाडातली मोठी आणि आनंदाची गोष्ट आहे, तिला कमी लेखता कामा नये. २०२४ साली देशभरात नीटसाठी २४ लाखांवर नोंदणी झाली, त्यात १३ लाखांहून जास्त मुली होत्या. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी पूर्ण माफ केली. जन्माच्या आकड्यांतही हा भाग तुलनेनं बरा आहे. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली अमरावती जिल्ह्यात ९३५ आणि अकोला जिल्ह्यात ९१२ होत्या, राज्यात ८९४. मुलगी जन्मते, शिकते, डॉक्टर व्हायचं स्वप्न बघते. मग आत्मसन्मान कुठं अडतो?

तो रात्रीच्या फोनवर अडतो. “जेवली काय? टेस्टमधी किती पडले? एवढेच काऊन?” आणि मग ते वाक्य येतं, जे अकोल्याच्या खोल्यांमध्ये ऐकलं नाही असं लेकरू सापडणं कठीण: “तुह्यापायी वावर गहाण टाकलं.”

हे वाक्य खरं असतं, म्हणूनच ते इतकं जड होतं. कपाशीच्या भावावर घर चालतं, एका हंगामानं दगा दिला की दोन वर्षं मागं जातात, आणि हे सगळं ओझं सतरा वर्षांच्या लेकराच्या दप्तरात भरलं जातं. ब्रायन बार्बर या संशोधकानं १९९०च्या दशकात नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक वागण्यावरचं नियंत्रण: किती वाजता यायचं, कुठं जायचं, फोन किती वेळ. दुसरं मनावरचं: अपराधी वाटायला लावणं, माया काढून घेण्याची भीती घालणं, उपकार मोजून दाखवणं. पहिलं नसलं की मूल बाहेर बिघडतं, भांडणं, नशा, नियम मोडणं. दुसरं जास्त झालं की मूल आतून खचतं. वऱ्हाडातल्या मुलाच्या वाट्याला पहिलं फार कमी येतं. मुलीच्या वाट्याला दोन्ही भरपूर येतात. आणि घरची सारी आशा ज्याच्यावर बांधलेली असते, त्या एकुलत्या मुलाच्या वाट्याला पहिलं न येता नुसतं दुसरं येतं, जे बहुधा सगळ्यांत घातक आहे.

२०२१ साली देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक, १,८३४, महाराष्ट्रातल्या होत्या, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या भागाचं काळीज आधीच चाळणी झालंय, तिथं हा आकडा नुसता वाचून पुढं जाता येत नाही. जानेवारी २०२४मध्ये केंद्र सरकारनं शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नको, समुपदेशनाची सोय हवी. ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही मोफत सेवा मराठीतही मिळते. खोलीच्या दारामागं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, त्याच्याखाली हा क्रमांक लिहून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

मुलाची गोष्ट मराठीत कमी सांगितली जाते, म्हणून इथं थोडं थांबायला हवं. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा कठोरा नाक्यावर रात्री नऊच्या सुमारास सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची टोळकी गाड्यांवर बसलेली असतात. पानटपरीवर खर्रा घोटला जातो आणि त्यातली कितीतरी पोरं तोंडात खर्रा धरूनच बोलतात. लांबून ती बेफिकीर दिसतात. त्यांच्या घरात डोकावलं तर दिसतं की या पोराशी बापाचं शेवटचं दहा मिनिटांचं बोलणं कधी झालं, ते दोघांनाही आठवत नाही. बाप म्हणतो, “तो आता मोठा झाला.” आईला तो उत्तर देत नाही. मित्राशी भांडण झालं, पोरगी नाही म्हणाली, नापास झाला, रात्री झोप लागत नाही, हे सांगायला घरात जागा नाही, कारण रडणारा पोरगा म्हणजे ‘बायकोड्या’. मुलगी निदान आईजवळ, मैत्रिणीजवळ रडते. मुलाचं दुःख रागाच्या वाटेनं बाहेर पडतं, कारण घरानं त्याच्यासाठी तेवढी एकच वाट मोकळी ठेवलेली असते. नकार पचवता न येणारा पुरुष असाच घडतो. हिंगणघाटच्या रस्त्यावर पेट्रोल घेऊन उभा राहिलेला माणूस एका दिवसात तयार झाला नव्हता.

मुलांवर लक्ष ठेवलं तर ती सुधारतील, असं सगळ्यांना वाटतं. स्वीडनमधल्या ओरेब्रो विद्यापीठातल्या हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली या समजुतीच्या मुळाशी हात घातला. चौदा वर्षांच्या मुलांची आणि त्यांच्या आईबापांची त्यांनी पाहणी केली. ज्या आईबापांना मुलाविषयी जास्त माहिती असते त्यांची मुलं कमी भरकटतात, हे आधीच ठाऊक होतं. यांनी पुढचा प्रश्न विचारला की ती माहिती येते कुठून? पाळत ठेवून, झडती घेऊन? उत्तर असं आलं की बहुतेक माहिती मुलानं स्वतःहून सांगितलेली असते. पाळत ठेवणाऱ्या आईबापांना कमी कळतं, ज्यांच्यापाशी मूल आपणहून बोलतं त्यांना जास्त कळतं.

या एका निष्कर्षानं वऱ्हाडी घरातल्या पुसण्याचे दोन्ही अर्थ वेगवेगळे होऊन समोर येतात. झडतीच्या पुसण्यानं मुलगी लपवायला शिकते. ती मैत्रिणीच्या नावानं नंबर सेव्ह करते, क्लास साडेसहाला सुटत असला तर घरी सात सांगते. तिला खोटेपणाची आवड नसते. खरं सांगितलं तर काय होईल हे तिनं पाहिलेलं असतं. एकदा खरं बोलली तेव्हा तिचा फोन गेला होता.

फोनचंच पाहा. २०२३च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. देशभरातले २८ जिल्हे त्यात आहेत, महाराष्ट्रातून नांदेड. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडं स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के. मुलगी आईचा किंवा भावाचा फोन मागून वापरते, म्हणजे तिनं काय पाहिलं, कुणाशी बोलली, हे भावाला कळतं. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत धाकटा भाऊ थोरल्या बहिणीचा राखणदार असतो. पंधरा वर्षांच्या पोराला सतरा वर्षांच्या बहिणीचा फोन तपासण्याचा हक्क मिळतो आणि त्याचा स्वतःचा फोन मात्र आईला उघडतासुद्धा येत नाही. यातून बहिणीला आपली किंमत कळते. भावालाही बाई म्हणजे कोण याचा पहिला धडा इथंच मिळतो, आणि तो धडा त्याच्या आईबापांनीच दिलेला असतो.

हे सगळं वऱ्हाडाच्या रक्तातच आहे, असं म्हणणं मात्र या मातीवर अन्याय होईल. इथं वेगळी घरं शंभर वर्षांपूर्वीही होती. १९०४ साली अमरावतीत जन्मलेल्या कुसुम जयवंत यांना घरानं शाळेसाठी पुण्याच्या हुजूरपागेत पाठवलं, पुढं त्या नागपूरला आणि मग थेट इंग्लंडला शिकायला गेल्या. त्याच पुढं कुसुमावती देशपांडे झाल्या, १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणि त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. त्यांचं लग्न १९२९ साली अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला जन्मलेल्या कवी अनिलांशी झालं, तेही प्रेमातून. त्या दोघांच्या पत्रांचं पुस्तक ‘कुसुमानिल’ मराठीत आजही वाचलं जातं. आणि ज्यांच्या नावानं अकोल्याचं कृषी विद्यापीठ ओळखलं जातं, त्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. चांदूर रेल्वेच्या मुलींनी शपथ घेतली तो जिल्हा हाच.

गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. भाकरी हातावर घेऊन खा, पण लेकराला शिकवा, असं ते कीर्तनातून गावोगाव बजावत फिरले. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीतून ग्रामगीता दिली, तिच्यात महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे. या दोघांचे फोटो इथल्या घराघरात आहेत.

आणि वेगळी घरं आजही आहेत. मेळघाटच्या धारणी-चिखलदऱ्याकडं मानव विकास मिशनच्या निळ्या एसटी बस शाळकरी मुलींना गावातून शाळेत आणि शाळेतून गावात सोडतात. मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांसाठीची ही योजना आहे. निळी बस फक्त वाहतूक करत नाही, ती घरातल्या वादाचं एक टोक काढून घेते. “कशी येशीन?” या प्रश्नाला मुलीजवळ उत्तर असतं. रस्त्यावर दिवा लावणं, शेवटच्या एसटीची वेळ सांभाळणं, शाळेत स्वच्छतागृह असणं या गोष्टी सरकारी कागदात पालकत्व म्हणून गणल्या जात नाहीत, पण आईबापांचा धाक अर्ध्यावर आणण्याची ताकद त्यांच्यात आहे.

परतवाड्याजवळच्या वझ्झर गावात एक घर आहे, ज्याच्याशिवाय अमरावतीतल्या पालकत्वाचा कोणताही लेख अपुराच राहील. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचं हे मतिमंद, मूकबधिर मुलांचं बालगृह. अंबादासपंत म्हणजे १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं करणाऱ्या वैद्य बंधूंपैकी थोरले. हे बालगृह चालवतात शंकरबाबा पापळकर. रेल्वे स्टेशनांवर, बसस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेली १२३ अपंग लेकरं त्यांनी वाढवली. लेकरांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या जागी त्यांचं नाव आहे, आडनाव पापळकर. मुलींची लग्नं त्यांनी बापाच्या नात्यानं लावून दिली. तिथल्या माळावर या लेकरांनी लावून जगवलेली हजारो झाडं उभी आहेत. २०२४ साली शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांची एक दृष्टिहीन मुलगी, जी जन्मतःच जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचऱ्यात टाकलेली सापडली होती, राज्य लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

मुलगी म्हणून आणि आंधळी म्हणून, अशी दुहेरी नको झालेली ही पोर. जगातल्या कुठल्याही पट्टीवर तिचा आत्मसन्मान शून्यावर असायला हवा होता. तिला ब्रेल शिकवलं गेलं, शाळेत, मग अमरावतीला कॉलेजात घातलं गेलं. काय व्हायचं आहे, हे तिला पुसलं गेलं आणि ती जे म्हणाली ते खरं धरलं गेलं. परीक्षेत ती आधी अपयशी झाली होती. तरी कुणी तिला खर्चाचा हिशेब ऐकवला नाही. आपण कुणाचं तरी लेकरू आहोत, हे तिला कागदावर आणि घरात दोन्हीकडं ठाऊक होतं.

कायद्यानं अशा बालगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला तिथून बाहेर पडावं लागतं. वऱ्हाडातल्या सगळ्याच घरांत अठरावं वर्ष हा मोठा उंबरठा असतो. मुलीच्या लग्नाची बोलणी तिथं सुरू होतात, मुलाला “आता तू पाहून घे” म्हटलं जातं. शंकरबाबांनी हा उंबरठा मानला नाही. स्वतःच्या पोराला अठरा झाले म्हणून कोणता बाप घराबाहेर काढतो, आणि इथं तर लेकरांना दिसत नाही, बोलता येत नाही, मग ती जातील कुठं, असा त्यांचा सवाल आहे. बेवारस अपंग मुलांना आयुष्यभर त्याच घरी राहू द्यावं, असा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आहेत. नागपूर, मुंबई, दिल्ली, जिथं कुणी ऐकून घेईल तिथं ते हेच पुसतात. वझ्झरची लेकरं तोवर संध्याकाळी झाडांना पाणी घालतात.